लाल खुणेच्या सात चाली आधी

एकतिसाव्या चालीला मी हत्तीने बी७ या घरावरचे प्यादे मारले. फुकटचे प्यादे! समोरच्या मुलीने तिचा हत्ती सरळ माझ्या पहिल्या ओळीत आणून ठेवला आणि डाव तिथेच संपला. माझा राजा जी१ वर, त्याच्यापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत, आणि पहिली ओळ राखणारा एकुलता एक हत्ती मीच बी७ वर धाडलेला. बुद्धिबळाच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवतात ती ही मात.

अशा डावानंतर हात आधी फोनकडे जातो. स्टॉकफिशसारखे इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक-प्रोग्रॅम, फुकट मिळते, डाव भरला की क्षणात निकाल सांगते. स्थिती कोणाला किती अनुकूल आहे हे ते आकड्यात सांगते: +१ म्हणजे पांढऱ्याला जिंकण्याची साधारण निम्मी संधी. त्या संध्याकाळी मी फोन बाजूला ठेवला आणि आधी वहीत लिहायला बसलो. कोणत्या चालीला मनात काय होते, कशाची भीती वाटली, काय बघून सोडून दिले. याला कारण १९७५ सालचा एक प्रयोग.

बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली. काहींना शेवटी इंग्रज जिंकले असे सांगितले, काहींना गुरखे, काहींना कोणीच नाही. मग विचारले, निकाल माहीत नसता तर तुम्ही कोणत्या शेवटाची शक्यता किती धरली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त संभाव्य वाटला. निकाल कळला की आधीची अनिश्चितता मनातून पुसली जाते, आणि ती पुसली गेल्याचे आपल्याला कळतही नाही. इंजिनचा आकडा हाही एक निकालच. तो एकदा पाहिला की ‘मला हे जाणवलंच होतं’ असे आपण प्रामाणिकपणे खोटे बोलू लागतो.

सुदैवाने माझ्याकडे स्मरणशक्तीपेक्षा भरवशाचा एक साक्षीदार होता. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, चालींबरोबर घड्याळातली वेळही लिहिता येते. मी ती लिहितो. एकतिसाव्या चालीला मी एक मिनिटही घेतले नव्हते. चोविसाव्या चालीला मात्र बावीस मिनिटे!

त्या बावीस मिनिटांत काय चालले होते ते मला आठवत होते. एच३ करून, म्हणजे राजापुढचे कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवून, राजाला निसटायला खिडकी ठेवावी, की राजाच्या बाजूने हल्ला पुढे रेटावा? हल्ला मला फार गोड दिसत होता. ‘आता एक चाल वाया घालवायला वेळ नाही’ असे ठरवून मी वजीर पुढे नेला. पहिल्या ओळीचा प्रश्न माझ्या लेखी तिथेच मिटला. पुढच्या सात चालींत तो एकदाही डोक्यात आला नाही.

याला मानसशास्त्रात आइनश्टेलुंग परिणाम म्हणतात: सापडलेली एक वाट दुसरी वाट दिसू देत नाही. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये तो पटावरच पकडला. त्यांनी तरबेज खेळाडूंना एक स्थिती दिली. तिच्यात एक प्रसिद्ध मात होती, आपल्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजाला घोडा देतो ती. शिवाय त्याहून कमी चालींची, पण कमी ओळखीची दुसरी मातही होती. ओळखीची मात दिसलेल्या अनेकांना छोटी मात सापडेना. ते म्हणत होते, आम्ही आणखी चांगले उत्तर शोधतोय. पण डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र काही वेगळेच सांगत होते. नजर पुन्हा पुन्हा पहिल्या कल्पनेच्याच घरांवर जात होती. ओळखीची मात चालणार नाही अशी स्थिती बदलून दिल्यावर मात्र छोटी मात सापडू लागली.

गंमत अशी की हा दोष कौशल्यातूनच येतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर मास्टर नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या आठवून मांडतो. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की ती आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे मास्टर ओळखीचे पुंजके बघतो. ओळखीचे नसेल ते त्याच्याही नजरेतून सुटू शकते. २००६ मध्ये बॉन येथे, त्या वेळचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रॅमविरुद्ध एका चालीतली मात पाहायला चुकला. एच७ वर आलेल्या पांढऱ्या वजिराला आधार होता तो एफ८ वरच्या घोड्याचा. घोडा तिथे पटाच्या कडेला बसून मात करायला मदत करतोय असे चित्र क्वचितच दिसते. मला वाटते, तेच त्याला नडले. मला बसलेल्या मातेचे चित्र मात्र रोजचे होते, त्यामुळे मला ती सबब नाही.

वही भरल्यावर इंजिन लावले. एकतिसाव्या चालीपुढे अपेक्षेप्रमाणे दोन लाल प्रश्नचिन्हे, म्हणजे घोडचूक. चोविसाव्या चालीपुढे काहीच नाही. माझी वजिराची चाल आणि एच३ यांत इंजिनच्या मते ०.२ चा फरक, तोही माझ्याच चालीच्या बाजूने. आणि ते खरेच होते. इंजिन प्रत्येक चालीला पट नव्याने बघते. ते पंचविसाव्या चालीला पहिली ओळ विसरत नाही, तिसाव्या चालीलाही विसरत नाही, त्यामुळे खिडकी न ठेवणे त्याला परवडते. मला परवडणारे नव्हते. माझ्यासारख्या विसराळू खेळाडूसाठी एच३ हीच चांगली चाल होती, आणि हे सांगणारा आकडा कोणतेही इंजिन दाखवणार नाही.

डाव संपल्यावर हात मिळवताना ती मुलगी म्हणाली होती, “काका, तुम्ही एच-थ्री कधी करताय याचीच मला धाकधूक होती. तेवढं केलं असतं तर माझ्याकडे काहीच नव्हतं.” तेव्हा मला वाटले, हरलेल्या माणसाला बरे वाटावे म्हणून बोलतेय. चोविसाव्या चालीला तिच्या घड्याळात किती वेळ उरला होता, तेही मी टिपून ठेवायला हवे होते.