नायक तिलिस्मात, गोष्ट अय्यारांच्या हातात

१९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘चंद्रकांता’ ज्यांनी पाहिली, त्यांना कुमार वीरेंद्रसिंहाचा चेहरा आठवायला जरा वेळ लागतो. खलनायक क्रूरसिंह मात्र हाक मारल्यासारखा समोर येतो. अखिलेंद्र मिश्रांच्या त्या झुडपासारख्या भुवया आणि उठता बसता ‘यक्कू!’ महाराष्ट्रातही रविवार सकाळ म्हणजे दूरदर्शन असण्याचे ते दिवस. शाळेत सोमवारी नक्कल व्हायची ती क्रूरसिंहाची, राजपुत्राची नव्हे. त्या पिढीतले लोक आजही गप्पांत म्हणतात, ते प्रेमप्रकरण राहू द्या बाजूला, या लबाडांचीच मालिका काढायला हवी होती.

नव्या अद्भुतकथांचे चाहतेही हेच म्हणत असतात. निवडला गेलेला, भाळावर भविष्य लिहिलेला नायक कंटाळवाणा आणि त्याच्या मागेपुढे खोड्या करणारे दोघेतिघे मजेदार, ही तक्रार कुठल्याही लांबलचक मालिकेच्या वाट्याला येतेच. आपल्याकडे मात्र तिला दीडशे वर्षांपूर्वीच दाद मिळाली होती आणि पुढे काय झालं तेही छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यासाठी ‘चंद्रकांता’च्याही मागे, अमीर हमजाच्या दास्तानीकडे, म्हणजे तोंडी सांगितल्या जाणाऱ्या लांबलचक वीरकथेकडे, जावं लागतं.

हमजाची दास्तान फारसीतून भारतात आली. अकबराला ती इतकी आवडायची, की १५६२च्या सुमारास त्याने तिचा ‘हमजानामा’ हा सचित्र ग्रंथ करायला घेतला. काम सुमारे पंधरा वर्षं चाललं. कापडावर रंगवलेली तब्बल १४०० मोठी चित्रं तयार झाली. त्यातली थोडीच आज उरली आहेत आणि ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. कथेचा नायक अर्थातच हमजा: शूर, धर्मनिष्ठ, देखणा. त्याच्या सोबतीला बालमित्र अमर अय्यार. अय्यार म्हणजे वेषांतर, हेरगिरी, चोरी आणि थापा यांत तरबेज माणूस. ‘हमजानाम्या’च्या चित्रांतही अमर शल्यवैद्याचं सोंग घेऊन शत्रूच्या किल्ल्यापाशी पोचलेला दिसतो.

अमरचा जन्मच पाहा. गालिब लखनवी यांनी १८५५ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या उर्दू आवृत्तीत हमजा आणि अमर एकाच दिवशी जन्मतात. (हे गालिब वेगळे, शायर मिर्झा गालिब नव्हेत. मिर्झासाहेबांनाही दास्तानींचं वेड होतं, ही गोष्ट निराळी.) बुजुर्जमेहर हा थोर वजीर हमजाचं भविष्य पाहायला मक्केत आलेला असतो. तो नवजात अमरला हातात घेतो आणि थोड्या वेळाने पाहतो तर बोटातली अंगठी गायब. सापडते ती बाळाच्या तोंडात! वजीर काय ते समजतो. नायकाला भविष्य मिळालं आणि अमरने भविष्य सांगणाऱ्याचीच अंगठी लांबवली. पुढच्या हजारो पानांत दोघांचं नातं साधारण याच धर्तीवर चालतं. अमरजवळ ‘जंबील’ नावाची थैली असते, तिच्यात काय वाटेल ते मावतं. एक जाळं असतं, ते टाकून तो महालातलं सगळं सामान ओढून नेतो. वर स्वभाव असा चिक्कू, की जगातली सगळी संपत्ती थैलीत असतानाही तोंडाने गरिबीचं रडगाणं चालूच.

दास्तान वाचायची नव्हे, ऐकायची गोष्ट होती. रझ्म म्हणजे युद्ध, बझ्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूची बंदिस्त दुनिया आणि अय्यारी अशी तिची चार अंगं मानत. दास्तानगो चौकात किंवा रईसाच्या दिवाणखान्यात बसून सांगायचा आणि श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे बघत गोष्ट लांबवायचा. युद्धाची वर्णनं किती लांबवणार? नायक जिंकला की प्रकरण संपतं, लग्न झालं की तर फारच संपतं. अय्यारीचं तसं नाही. नवा शत्रू आणा, नवं सोंग काढा, गोष्ट पुन्हा सुरू. आपल्या तमाशातल्या गौळणीत कृष्णापेक्षा पेंद्या आणि मावशीच का भाव खाऊन जातात, हे ज्याने पाहिलंय त्याला दास्तानगोची अडचण वेगळी समजवावी लागणार नाही.

लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने या तोंडी गोष्टी कागदावर आणल्या. १८८३ पासून पुढच्या तीसेक वर्षांत हमजाच्या दास्तानीचे ४६ जाडजूड खंड निघाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग ‘तिलिस्मे होशरुबा’. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. जुन्या फारसी कथेत हा भाग नव्हताच, तो लखनौच्या दास्तानगोंनी रचला. त्यामुळे त्यांना काय सांगायला आवडत होतं, ते इथे उघड दिसतं. हमजा इथे बहुतेक काळ तिलिस्माबाहेर छावणी टाकून बसलेला आहे. तिलिस्म जिंकायला आत जातो तो त्याचा नातू असद, आणि तो लवकरच कैदेत पडतो. मग जादूगारांचा बादशहा अफरासियाब याच्याशी झुंजायचं कुणी? अमर आणि त्याच्या चेल्यांनी. त्यांच्यासमोर अफरासियाबच्याही तितक्याच तयारीच्या अय्यार मुली उभ्या, त्यांची म्होरकी सरसर. अमर आणि सरसर एकमेकांना बेशुद्ध करतात, फसवतात, पळतात आणि पुन्हा भेटतात. नायक बंदिवासात असताना वाचकाला त्याची आठवणही येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

हे खंड निघू लागल्यावर पाचच वर्षांनी, १८८८ मध्ये, देवकीनंदन खत्रींची हिंदी ‘चंद्रकांता’ येऊ लागली. खत्रींनी बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या निमित्ताने पडके किल्ले, भुयारं, डोंगरकपारी यांत भरपूर भटकंती झाली. पुढे ठेके गेले आणि ती सगळी भटकंती कादंबरीत उतरली. नौगढ, विजयगढ, चुनार ही नावं त्याच मुलखातली. दास्तानीकडून त्यांनी तिलिस्म आणि अय्यारी घेतली, जादू मात्र वगळली. त्यांच्या तिलिस्मात कळ दाबली की दरवाजा सरकतो, पुतळा हलतो तो आतल्या यंत्रामुळे. जादू गेली आणि उरलेलं सगळं ओझं अय्यारांच्या अंगावर पडलं.

पहिल्याच पानावर याची चाहूल लागते. संध्याकाळी एका टेकडीच्या पायथ्याशी खडकावर दोघं बोलत बसले आहेत. वीरेंद्रसिंह विरहाने व्याकूळ. शेजारी तेजसिंह: कमरेला खंजीर, बगलेत बटवा, हातात कमंद म्हणजे भिंत चढायचा दोर, बोलता बोलता नजर चारी दिशांना. खत्रींनी हे मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण वाचक त्या क्षणीच बाजू बदलतो. राजपुत्र उसासे टाकणार आणि हा माणूस काहीतरी करणार, हे कळून चुकतं. त्या बटव्यात बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणायचा लखलखा, रंग, खोट्या दाढ्या असा सगळा संसार. चपला आणि चंपा या चंद्रकांतेच्या सख्याही अय्यारीत कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. अय्यार पकडला तर कैद करायचा, जिवे मारायचा नाही असा या दुनियेतला कायदा. त्यामुळे प्रत्येक लबाड पुढच्या प्रकरणात परत यायला मोकळा! लेखकाच्या सोयीचा याहून चांगला कायदा सापडणं कठीण. प्रस्तावनेत खत्रींनी लिहिलंय, की अय्यार रक्त न सांडता राजांची भांडणं मिटवत, आणि हल्लीचे बहुरूपी हे त्यांचेच अवशेष. त्यांच्यात बाकीचे गुण उरले नाहीत, नुसतं रूप बदलणं उरलं.

पुस्तक तुफान चाललं. ते वाचण्यासाठी उर्दू जाणणाऱ्या कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, ही नोंद रामचंद्र शुक्लांसारख्या कडक समीक्षकानेही आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात केली. अर्थात या कादंबऱ्यांना साहित्य म्हणायची त्यांची तयारी नव्हती. पुढे ‘चंद्रकांता संतती’चे २४ भाग आले. त्यात वीरेंद्राची मुलं इंद्रजीत आणि आनंद दीर्घकाळ तिलिस्मात अडकलेली आणि बाहेर सगळा कारभार अय्यारांचा. याच ‘संतती’त भूतनाथ अवतरला. मूळ नाव गदाधरसिंह, अय्यार पक्का, पण भूतकाळ काळवंडलेला. तो कुणाच्या बाजूचा हेच कळत नाही, आणि अखेरीस त्याच्या जुन्या पापांची चौकशी राजपुत्रांच्या लग्नांइतकीच मोठी होऊन बसते.

मग खत्रींनी तेच केलं, जे आजचा चाहता मागतो. भूतनाथाला स्वतःची मालिका दिली. ‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून झाले आणि १९१३ मध्ये खत्री गेले. मुलगा दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुढचे भाग लिहून एकूण २१ भागांत ती पुरी केली.

माझ्या मते ‘भूतनाथ’ वाचनीय आहे, पण ‘संतती’तला तो भूतनाथ त्यात सापडत नाही. तिथे तो कोपऱ्यातून यायचा, गोंधळ घालायचा, निघून जायचा. इथे त्याला कारणं आली, पश्चात्ताप आला, दयारामाच्या मृत्यूचं ओझं आलं. लबाडी तीच, फक्त आता तिचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. केंद्रस्थानी आलेला खोडकर माणूस हळूहळू नायकासारखाच गंभीर होत जातो. त्याची खोडी काढायला शेजारी दुसरा कुणीतरी लागतो, आणि मग वाचकाची नजर त्या दुसऱ्याकडे जाते.

टीव्ही मालिकेने वेगळी वाट धरली. कादंबरीत क्रूरसिंह लवकरच बाजूला पडतो. नीरजा गुलेरींच्या मालिकेत त्याला भरपूर जागा मिळाली, पण कथा नावापुरती राजपुत्राचीच राहिली. बद्रीनाथ हा चुनारच्या शिवदत्ताचा अय्यार तिथे इरफान खानने केला होता, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २०१७ मध्ये दोन वाहिन्यांवर दोन नव्या ‘चंद्रकांता’ एकाच वर्षी आल्या. दोन्हींनी पुन्हा प्रेमकथेलाच पुढे बसवलं. मला विचाराल तर मालिका काढायचीच असेल, तर भूतनाथाची नको, तेजसिंह आणि बद्रीनाथ यांची काढा. एकाने सोंग घ्यायचं, दुसऱ्याने ते ओळखून त्याहून वरचढ सोंग घ्यायचं. आणि वीरेंद्रसिंहालाही त्यात ठेवा, खडकावर उसासे टाकत. तो नसेल तर हे दोघं कुणासाठी एवढी धावपळ करणार?