पीई परीक्षेला कोणती पुस्तकं न्यायची?

अमेरिकेत प्रोफेशनल इंजिनिअरचं, म्हणजे पीईचं, लायसन्स घ्यायला निघालेल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न अजूनही हाच असतो. उत्तर: एकही नाही. केमिकलची परीक्षा २०१८ पासून संगणकावर गेली, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल पॉवर २०२० मध्ये, सिव्हिल जानेवारी २०२२ पासून आणि शेवटी स्ट्रक्चरल २०२४ मध्ये. त्याआधी लोक चाकांच्या बॅगा भरभरून पुस्तकं हॉलमध्ये ओढत नेत. पानांना रंगीत चिकटपट्ट्या, सुटे कागद नकोत म्हणून सगळं बाइंड केलेलं. तो जमाना संपला, सल्ले मात्र संपले नाहीत. सीनियरने प्रेमाने दिलेला तो ट्रंकभर वारसा घरी सरावाला वापरा. केंद्रावर तो लॉकरपलीकडे जाणार नाही.

आता परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्थाच संदर्भ पुरवते: त्या शाखेची हँडबुक आणि ठरलेली कोड्स (म्हणजे डिझाइनच्या नियमांची पुस्तकं), सगळं पीडीएफमध्ये, स्क्रीनवर. हँडबुक तिच्या वेबसाइटवर खातं उघडलं की फुकट उतरवून घेता येते. त्यामुळे निवड करायचीच असेल तर ती इथे करा: अभ्यास कुठल्या आवृत्तीवरून करायचा?

सर्वाधिक फसगत इथेच होते. बाजारात नवी आवृत्ती आली की आपल्याला वाटतं, नवी तीच बरोबर. परीक्षेचं तसं नाही. एएससीई ७ या, इमारतींवरचे भार ठरवणाऱ्या कोडची २०१० ची, २०१६ ची आणि २०२२ ची, तिन्ही पुस्तकं लोकांच्या कपाटात सापडतील; तुमच्या परीक्षेला कुठली लागू, ते फक्त एनसीईईएसच्या अभ्यासक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. त्या पत्रिकेवर ‘अमुक महिन्यापासून लागू’ अशी तारीख असते. ती तारीख तुम्ही फॉर्म भरता त्या दिवसाशी ताडून पाहू नका, पेपर देणार त्या दिवसाशी ताडा. मार्चमध्ये फॉर्म भरून जूनमध्ये पेपर देणारे जुन्या पत्रिकेवर तीन महिने घासतात, आणि मग माझ्याकडे रडत येतात.

दुसरी अडचण शोधण्याची. कोड पूर्ण उघडत नाही, प्रकरणाप्रकरणाने उघडतं, आणि एका वेळी एकाच प्रकरणात शब्द शोधता येतो. म्हणजे कुठलं प्रकरण उघडायचं हे डोक्यात हवं. शब्दही त्यांचाच हवा. इलेक्ट्रिकलवाले ‘अर्थिंग’ टाइप करतात. तिकडे ‘ग्राउंडिंग’ म्हणतात. आपलं ‘शटरिंग’ तिथे ‘फॉर्मवर्क’ आहे. सिव्हिलवाल्यांना आणखी एक सापळा आहे: आपण आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट कोडवर वाढलो, त्यात काँक्रीटची ताकद घनाकृती ठोकळ्यावर मोजतात, अमेरिकेच्या एसीआय ३१८ मध्ये सिलिंडरवर. तेच काँक्रीट, पण सिलिंडरचा आकडा साधारण वीस टक्क्यांनी कमी येतो. शिवाय एककं पौंड, किप (हजार पौंड), इंच. रोज दहा शब्द हँडबुकमध्ये शोधायचा सराव करा. जाड गाइड तिसऱ्यांदा वाचण्यापेक्षा तो कामाला येतो.

कॅल्क्युलेटर: कॅसिओ असेल तर मॉडेलच्या नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलंच पाहिजे. आपल्याकडे कॉलेजात अनेकांच्या हाती असलेला एफएक्स-१०० एमएस चालत नाही. कोरा कागदही मिळत नाही. पुसता येणारी वही आणि पेन केंद्रावर देतात.

आता अर्ज. परीक्षा एक, पण लायसन्स प्रत्येक राज्याचं मंडळ देतं आणि नियमही तेच ठरवतं. ढोबळ साचा असा: मान्य पदवी, एफई ही पहिल्या टप्प्याची परीक्षा, साधारण चार वर्षांचा अनुभव, पीई परीक्षा. नेवाडासारखी काही राज्यं अनुभव पुरा व्हायच्या आत पीई देऊ देतात. आपल्या राज्याच्या मंडळाचं पान वाचा, मित्राच्या राज्याचं नको.

पदवी भारतातली असेल तर मूल्यमापन, म्हणजे ती अमेरिकन पदवीच्या तोडीची आहे का याची तपासणी, लागतं, आणि बरीच मंडळं एनसीईईएसचंच मागतात. ‘एमएस इथलंच आहे ना?’ हा युक्तिवाद बहुतेकदा टिकत नाही, कारण एबेटची (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची) मान्यता मुख्यतः बॅचलर पदवीला असते आणि मंडळही तीच पाहतं. एमएसच्या प्रवेशासाठी दुसऱ्या संस्थेकडून करून घेतलेलं मूल्यमापन इथे चालेल असं गृहीत धरू नका. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता, विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. तुम्ही स्कॅन करून पाठवलेली आठ सेमिस्टरची मार्कशीटं म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे, मग ती कितीही खरी असोत. मला स्वतःला त्या एका लिफाफ्यासाठी परीक्षा विभागाच्या खिडकीवर वडिलांना चार वेळा पाठवावं लागलं; दर वेळी ‘साहेब जेवायला गेलेत’. म्हणून हे काम सर्वात आधी सुरू करा, अभ्यासाच्याही आधी. मूल्यमापनाच्या अहवालात आपल्या मुलांचं हमखास काय कमी पडतं? मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं. निकष १२ क्रेडिटचा आहे, आणि चार वर्षं नुसतं मेकॅनिक्स-सर्व्हे शिकलेल्याकडे ती क्रेडिट येणार कुठून? ती नंतर इथे कोर्स करून भरता येतात, पण मंडळाला आधी विचारा.

आणि नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर तुमचं आणि वडिलांचं मिळून एकच ‘गिव्हन नेम’. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात किंवा गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची कथा तर आणखी लांब. केंद्रावर दाखवणार ते ओळखपत्र समोर ठेवा आणि एनसीईईएसच्या खात्यात नेमकं तेच नाव टाका. जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात, फीही जाते. मार्कशीटवरच्या नावाचा फरक मूल्यमापनाच्या अर्जात आधीच कळवा.

सिव्हिलची परीक्षा ८० प्रश्न, आठ तास. मधली सुट्टी धरून नऊ तास केंद्रावर जातात. डबा न्या, तो लॉकरमध्ये राहतो. नापास झालात तर त्याच तिमाहीत पुन्हा बसता येत नाही, आणि बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा. निकालासोबत कुठल्या विषयात किती कमी पडलात याचा तक्ता येतो. मला फोन करण्याआधी तो उघडून बघा.