सॅक सर्वांत शेवटी घ्या: हलके ट्रेकिंग-सामान टप्प्याटप्प्याने जमवणाऱ्या ग्राहकांसाठी

वर्षातून दोनदा आमच्या दुकानात सॅकची मागणी एकदम वाढते: जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर आणि दिवाळीनंतर थंडीचे ट्रेक सुरू होताना. येणाऱ्या ग्राहकांनी बहुधा एक-दोन किल्ले एका दिवसात केलेले असतात, आता त्यांना मुक्कामाचे ट्रेक करायचे असतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘साठ लिटरची चांगली सॅक कितीला पडेल?’ सॅक ही सर्वांत शेवटी घ्यायची वस्तू आहे आणि ती आधी घेणाऱ्याला बहुतेक वेळा दोनदा खर्च करावा लागतो, असे आम्ही प्रत्येकाला काउंटरवर सांगत आलो आहोत. ते नीट, सविस्तर सांगता यावे म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

साठ-सत्तर लिटरची सॅक रिकामी असतानाच दोन किलोच्या आसपास भरते, तर चाळीस लिटरची साधी सॅक किलो-सव्वा किलोत मिळते. म्हणजे एकही वस्तू आत जाण्यापूर्वीच पाऊण ते एक किलो ओझे आपण पैसे देऊन विकत घेतलेले असते. शिवाय मोठ्या सॅकमध्ये जागा शिल्लक दिसली की ती रिकामी राहत नाही. आणखी एक स्वेटर, स्टीलचा डबा, ‘असू दे’ म्हणून घेतलेली जादा चादर असे करता करता ती भरतेच. पुढे वर्षभरात ग्राहक हलकी स्लीपिंग बॅग घेतो, अनुभवाने अनावश्यक वस्तू घरी ठेवू लागतो, सामान निम्म्यावर येते आणि तीच सॅक अर्धी रिकामी राहून पाठीवर हेलकावू लागते. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा रतनगड ते हरिश्चंद्रगड वाटेवरच्या कात्राबाईच्या खिंडीत असे हेलकावणारे ओझे तोल घालवू शकते.

त्यानंतर ग्राहक सॅक बदलून मागायला येतात, आणि आम्हाला नाही म्हणावे लागते. वापरलेल्या सॅकच्या पट्ट्यांत घाम मुरलेला असतो, तळाला लाल माती लागलेली असते आणि कंबरपट्टा त्या व्यक्तीच्या शरीराप्रमाणे वळलेला असतो. ती नवी म्हणून दुसऱ्याला विकणे आम्हाला मान्य नाही. म्हणूनच पन्नास लिटरहून मोठी सॅक मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी स्वतःचे सामान घेऊन यायला सांगतो. घरबसल्या मागवली तर कोणी काही विचारत नाही, मग येथेच एवढी चौकशी का, असे काही ग्राहकांना वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु या चौकशीमुळे अनेकांनी मोठ्या सॅकऐवजी लहान, म्हणजेच आमच्याकडची स्वस्त सॅक घेतली आहे आणि ती आजही वापरात आहे.

पहिली खरेदी: वजनकाटा

घरच्या स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर तोच पुरेसा आहे. मागच्या ट्रेकला नेलेली प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा आणि वजन कागदावर लिहा. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाच्या वजनाला ‘बेस वेट’ म्हणतात, आणि कमी करायचे असते ते हेच. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून काय दिसते ते पाहण्यासारखे असते. आंघोळीचा जाड टॉवेल अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. त्याच्या जागी सुती पंचा नेला तर वजन बरेच कमी होते आणि तो सॅकवर टाकला की चालता चालता वाळतोही. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामी असताना कित्येकदा तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते, तर पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली जेमतेम तीस ग्रॅमची असते आणि काळजीने वापरली तर बरेच ट्रेक टिकते. जीन्स तर कोरडी असतानाही जड आणि भिजल्यावर वाळण्याचे नाव घेत नाही. तिच्या जागी पॉलिएस्टरची खेळाची पँट बहुतेकांच्या घरी आधीच असते. या पहिल्या टप्प्यात दुकानात पाऊलही न टाकता किलो-दीड किलो कमी होऊ शकते. आमची विक्री यानंतर सुरू झाली तरी आमची तक्रार नाही.

पुढचा नियम सोपा आहे: ज्या वस्तूत कमीत कमी रुपयांत जास्तीत जास्त ग्रॅम वाचतात ती आधी घ्यावी. त्या हिशेबाने फोमची कॅरीमॅट आधी येते, कारण ती स्वस्त आणि हलकी आहे, टोचली तरी फुटत नाही आणि गुहेतल्या गार दगडापासून शरीर अलग ठेवते. पाठोपाठ हेडटॉर्च घ्यावा. बूट मात्र वजनाकडे पाहून नव्हे, तर पायाकडे पाहून घ्यावेत आणि तेथे काटकसर करू नये.

पावसाळ्यासाठी एक स्वस्त उपाय सांगतो. सॅकवरचे रेनकव्हर बाहेरची बाजू झाकते, परंतु सह्याद्रीतल्या पावसात पाणी मानेवरून पाठीवर ओघळते आणि पाठीच्या बाजूने सॅकमध्ये शिरते. त्यामुळे सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सामान त्यात भरावे आणि तोंड पिळून दुमडावे. अशा पिशव्या आम्हीही ठेवतो, पण किराणा दुकानातली धान्याची पिशवीही तेवढेच काम करते.

स्लीपिंग बॅग: एका आकड्यावर जाऊ नका

सर्वांत जास्त पैसे येथे वाया जातात. बॅगेवर ‘उणे पाच’ असे ठळक छापलेले असते आणि ग्राहकाला वाटते की जितका आकडा खाली, तितकी बॅग चांगली. प्रमाणित चाचणी केलेल्या बॅगेवर तीन तापमाने दिलेली असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानाला सुखाने झोप लागेल ते, ‘लिमिट’ म्हणजे अंग आकसून कशीबशी झोप लागेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे केवळ जीव वाचण्याची मर्यादा. एकच आकडा छापलेला असेल तर तो या तिघांपैकी कोणता, हे विचारल्याशिवाय बॅग घेऊ नये. हिवाळ्यात पहाटे सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पारा साधारणतः दहा अंशांच्या खाली-वर असतो. तेथे आठ-दहा अंश कम्फर्टची पातळ बॅग, जोडीला फ्लीस आणि कानटोपी पुरते. उणे तापमानाची जाड बॅग येथे घाम आणते आणि सॅकमधली अर्धी जागा अडवते.

पिसांची बॅग हलकी असते आणि लहान दाबली जाते, हे खरे आहे. मात्र तिची किंमत कृत्रिम तंतूच्या बॅगेच्या कित्येक पट असते आणि ओली झाल्यावर पिसे बसून तिची ऊब जाते. धुक्याच्या, दमट प्रदेशात सुरुवातीला कृत्रिम तंतूची बॅग घेणेच शहाणपणाचे आहे. दोन्हींपैकी कोणतीही बॅग घरी दाबून ठेवू नये. सैल सुती पिशवीत किंवा कपाटात मोकळी ठेवली तर तिचा फुगवटा वर्षानुवर्षे टिकतो.

हिमालयाच्या पहिल्या ट्रेकसाठी सर्व सामान विकत घेण्याची घाई करू नये. बहुतेक आयोजक तंबू आणि स्लीपिंग बॅग स्वतः पुरवतात, तेव्हा त्यांची यादी हातात आल्यावरच आमच्याकडे यावे. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा विमानात, चेक-इन सामानातही, नेता येत नाही. म्हणून तो येथून घेऊन जाण्यात अर्थ नाही.

तंबू आणि स्टोव्ह एकट्याने घेण्याच्या वस्तू नाहीत. चार मित्र नेहमी एकत्र जात असतील तर एकाने तंबू आणि दुसऱ्याने स्टोव्ह घ्यावा. दोघांच्या तंबूचे दांडे एकाच्या सॅकमध्ये आणि कापड दुसऱ्याच्या सॅकमध्ये गेले की दोघांवरचा भार निम्मा होतो. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गावकरी तंबू भाड्याने देतात आणि गरम पिठलं-भाकरीही मिळते, त्यामुळे तेथे या दोन्ही वस्तूंवाचून काही अडत नाही.

एका वस्तूला मात्र काटा लावू नये, आणि ती म्हणजे पाणी. मार्चनंतर गडांवरची अनेक टाकी आटतात किंवा त्यांतले पाणी पिण्याजोगे राहत नाही. त्या दिवसांत माणशी तीन-चार लिटर, म्हणजे तेवढेच किलो, उचलावेच लागतात. वजन कमी करण्याच्या भरात पाणी कमी नेणाऱ्या ग्राहकांची आम्हाला खरोखर चिंता वाटते. बाकीचे सामान हलके करायचे ते हे ओझे सहज पेलता यावे म्हणूनच.

आणि शेवटी सॅक

तोपर्यंत एका मुक्कामाला कॉलेजची किंवा ऑफिसची तीस लिटरची सॅक चालते. कॅरीमॅट गुंडाळून बाहेर बांधावी. मोठ्या ट्रेकसाठी सॅक, तंबू आणि स्लीपिंग बॅग आम्ही भाड्याने देतो, आणि भाड्याने नेलेल्या प्रकारचीच वस्तू तीन महिन्यांत नवी घेतल्यास भरलेल्या भाड्यातले निम्मे पैसे किमतीतून वजा करतो.

सॅक घ्यायला याल तेव्हा सर्व सामान पिशवीत भरून आणावे. आम्ही प्रथम तुमच्या पाठीची लांबी मोजतो. मान पुढे झुकवल्यावर मागे हाताला लागणाऱ्या उंच हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे हे अंतर असते. समान उंचीच्या दोन माणसांतही ते वेगळे असू शकते, म्हणून उंचीवरून सॅक निवडू नये. त्यानंतर तुमचेच सामान भरून, कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर आवळून, शेजारच्या इमारतीचे जिने चढून-उतरून पाहायला सांगतो. भार खांद्यांवर नव्हे तर कमरेवर बसला पाहिजे. यास अर्धा-पाऊण तास लागतो. शुक्रवारी संध्याकाळी भाड्याचे सामान नेणाऱ्यांची गर्दी असल्याने तेवढा वेळ देता येत नाही. मंगळवार ते गुरुवार, दुपारी चारनंतर यावे.