सेलिंग क्लब, ब्रिटिश किनाऱ्यावरील

शिडाच्या होड्या चालविण्याची हौस असलेल्या लोकांनी वर्गणी काढून आणि कामे आपापसांत वाटून घेऊन चालविलेली, सभासदांच्याच मालकीची किनाऱ्यावरील संस्था. खाडीच्या मुखाशी, लहान बंदरात किंवा गोट्यांच्या किनाऱ्यावर वसलेले असे शेकडो क्लब ब्रिटनमध्ये आहेत. एक साधी इमारत, होड्या ठेवण्याचे कुंपण घातलेले आवार, पाण्यात उतरणारा फरसबंद उतार, एक-दोन बचावबोटी आणि झेंडे चढविण्याची काठी एवढीच त्यांपैकी बहुतेकांची मालमत्ता असते. लहान क्लबात पगारी नोकर सहसा नसतो. शर्यत सुरू करणे, बुडत्याला वर काढणे, मुलांना शिकविणे, छप्पर दुरुस्त करणे आणि चहा करणे ही सर्व कामे सभासदच करतात. या क्लबांचे सामूहिक जीवन समजून घ्यायचे, तर होड्यांपेक्षा या श्रमविभागणीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

इतिहास : आयर्लंडमधील कॉर्क येथे १७२० मध्ये स्थापन झालेला ‘वॉटर क्लब’ हा या परंपरेतील सर्वांत जुना क्लब मानला जातो. इंग्लंडमधील सर्वांत जुन्या क्लबाचा मान एक्स नदीच्या मुखावरील स्टारक्रॉस येथील क्लब सांगतो. तो आपली स्थापना १७७२ सालची मानतो. एकोणिसाव्या शतकातील मोठे यॉट क्लब मात्र श्रीमंतांचे होते. त्यांच्या नौका पगारी खलाशी चालवीत आणि मालक सुकाणूला केवळ हात लावी. शर्यतींच्या नियमांत एकवाक्यता आणण्यासाठी १८७५ मध्ये यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली. तिचेच पुढे रॉयल यॉटिंग असोसिएशन (आर. वाय. ए.) झाले आणि आजही प्रशिक्षणापासून नियमांपर्यंतचा कारभार तीच संस्था पाहते.

आजच्या लहान क्लबांचे खरे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत सापडते. युद्धकाळात लाकडी विमानांसाठी विकसित झालेले पाण्याला दाद न देणारे डिंक आणि सागरी प्लायवुड बाजारात आले, तेव्हा होडी बांधण्यासाठी वाकबगार सुताराची गरज उरली नाही. जॅक होल्ट या आरेखकाने १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रासाठी निळ्या शिडांची एन्टरप्राइज होडी आखली. त्यानंतर त्याने आणि दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणाऱ्या बॅरी बकनेलने मिळून ‘डेली मिरर’साठी लाल शिडांची मिरर ही होडी तयार केली. सुमारे ३·३ मीटर लांबीची ही होडी १९६३ मध्ये लोकांसमोर आली. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, अशी तिची सोपी रीत होती. सुरुवातीला सुमारे ६३ पौंडांत मिळणारा तिचा संच शिक्षक, कारकून आणि यंत्रकामगार घरच्या गॅरेजमध्ये जोडू लागले, आणि अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या. होडी स्वस्त झाली, तरी ती ठेवायला जागा, पाण्यात उतरवायला उतार आणि उलटली तर मदतीला कोणीतरी हवे होतेच. या तीन गरजांतून अनेक नवे क्लब उभे राहिले, आणि पगारी माणसे परवडत नसल्यामुळे स्वतः राबणे ही त्यांची घटनाच ठरली.

हुद्दे मात्र त्यांनी मोठ्या यॉट क्लबांकडून जसेच्या तसे उचलले. अध्यक्षाला कमोडोर, त्याच्या हाताखालच्यांना व्हाइस कमोडोर आणि रिअर कमोडोर म्हणतात. गळक्या छपराखाली खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला आरमारी हुद्दा शोभतो की नाही, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. सभासदांना त्याची सवय झालेली असते. कमोडोर वर्षभर गैरहजर राहिला तरी क्लब चालू शकतो. बचावबोटींची इंजिने, नांगर, दोर आणि बोये (शर्यतीचा मार्ग दाखविणाऱ्या तरंगत्या खुणा) यांची देखभाल करणारा बोसन मात्र दोन आठवडे आला नाही, तर शर्यत घेणे अवघड होते.

पाळीचे काम : शिडांच्या शर्यतीला शर्यतीबाहेरची माणसे लागतात, आणि ती सभासदांतूनच काढावी लागतात. म्हणून हंगामाच्या आधी पाळीपत्रक लावले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून काही दिवस येतात. त्या दिवशी स्वतःची होडी आवारातच ठेवून दुसऱ्यांसाठी काम करायचे असते. यात गुणांचे नुकसान होऊ नये म्हणून पाळीवरच्या सभासदाला त्या शर्यतीचे सरासरी गुण देण्याची प्रथा अनेक क्लबांत आहे. ही बारीकशी तरतूद सेवाभावावरच्या कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे चुरशीने खेळणारा माणूसही पाळी टाळत नाही. तरीही टाळणारे असतातच. त्यांना पुढच्या वर्षी आवारातील जागा नाकारण्याचा किंवा दंड आकारण्याचा नियम काही ठिकाणी आहे. थोड्याच लोकांच्या अंगावर बहुतेक काम पडते, ही तक्रार वार्षिक सभेत नेमाने ऐकू येते आणि ती बहुधा खरी असते.

त्या दिवसाची मुख्य जबाबदारी दिनाधिकाऱ्याकडे असते. वारा कुठून येतो हे पाहून बोये कुठे टाकायचे, किती फेऱ्या घ्यायच्या आणि वारा वाढला तर शर्यत रद्द करायची की नाही, हे तोच ठरवितो. प्रारंभाचा क्रम आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेला आहे : सुरुवातीच्या पाच मिनिटे आधी वर्गाचा, म्हणजे होड्यांच्या त्या प्रकाराचा, झेंडा चढतो, चार मिनिटे आधी तयारीचा झेंडा चढतो, एक मिनिट उरले असता तयारीचा झेंडा उतरतो आणि शून्याला वर्गाचा झेंडा उतरतो. प्रत्येक वेळी भोंगा वाजतो. मात्र वेळ झेंड्यावरून मोजायची, भोंगा वाजला नाही तरी चालेल, असा नियम आहे. वाऱ्यात आवाज हरवतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते.

बचावबोटीवर सहसा दोघे असतात. चालकाच्या पायाला किंवा अंगाला एक दोरी बांधलेली असते. तो पाण्यात पडला तर ती सुटून इंजिन बंद पडते. उलटलेल्या होडीजवळ जाताना आधी डोकी मोजायची, माणसे सुरक्षित झाल्यावरच होडीचा विचार करायचा आणि माणूस पंख्याजवळ असेल तर इंजिन बंद ठेवायचे, हे धडे आर. वाय. ए.च्या अभ्यासक्रमांत शिकविले जातात. किती लोक पाण्यात गेले आणि किती परतले याचा हिशेब काही क्लब क्रमांकांच्या बिल्ल्यांनी ठेवतात. फळ्यावरचा बिल्ला जागेवर नसेल, तर तो माणूस अजून पाण्यात आहे असे समजतात. बिल्ला परत न लावता घरी गेलेल्या सभासदाला शोधण्यात पाळीवाल्यांची संध्याकाळ जाते, आणि त्याबद्दल त्याला पुढे बरेच ऐकावे लागते.

पंच होडीवर नसतो. नियमभंग झाला असे वाटल्यास प्रतिस्पर्धीच हरकत घेतो आणि चूक करणाऱ्याने स्वतःहून गोल फिरून शिक्षा भोगायची असते. नियमपुस्तकात आरंभीच संकटातील माणसाला किंवा नौकेला शक्य ती सर्व मदत करण्याचे कर्तव्य घातलेले आहे, आणि तशी मदत करताना मागे पडलेल्या स्पर्धकाला नुकसानभरपाई म्हणून गुण मागता येतात.

वेगवेगळ्या होड्यांची शर्यत : लहान क्लबात एकाच प्रकारच्या पुरेशा होड्या क्वचितच असतात. आजोबांची मिरर आणि नातीची वेगवान एकांडी होडी एकाच रेषेवरून सुटतात. त्यांची तुलना पोर्ट्समथ यार्डस्टिक या पद्धतीने होते. प्रत्येक प्रकाराला एक अंक दिलेला असतो. प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या अंकाने भागले की दुरुस्त वेळ मिळते. मिररचा अंक १३९० आणि आय. एल. सी. ए. सात (पूर्वीची लेझर) या होडीचा ११०० धरू. मिररला साठ मिनिटे लागली तर तिची दुरुस्त वेळ सुमारे ४३ मिनिटे १० सेकंद येते. बारा मिनिटे आधी, म्हणजे ४८ मिनिटांत पोचलेल्या लेझरची ४३ मिनिटे ३८ सेकंद येते. आजोबा जिंकतात. हे अंक कोणा प्रयोगशाळेत ठरत नाहीत. क्लबांतील स्वयंसेवकांनी वर्षभर नोंदविलेले निकाल आर. वाय. ए.कडे जातात आणि त्यांवरून अंक सुधारले जातात. थंडीत कुडकुडत वेळा लिहिणाऱ्या माणसाच्या वहीवर ही सारी व्यवस्था उभी आहे.

वर्षाचा क्रम : वेळापत्रक भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून बनते. सेव्हर्न नदीच्या मुखाशी उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत १४ मीटरपर्यंत फरक पडतो. मुंबईत तो फार तर पाच मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे कित्येक क्लबांना भरतीच्या आगेमागे दोन-तीन तासच होड्या उतरविता येतात. त्यानंतर समोर चिखल उरतो. वसंतात श्रमदानाचे दिवस ठरतात : रंग, छप्पर, उतारावरचे शेवाळ खरवडणे. नांगरावर राहणाऱ्या मोठ्या नौका क्रेनने पाण्यात सोडल्या जातात आणि शरद ऋतूत पुन्हा बाहेर काढल्या जातात. क्रेनचे भाडे दिवसावर असल्याने त्या दिवशी सगळा क्लब हजर असतो. हिवाळ्यात काही क्लब कुडकुडत्या शर्यतींची मालिका घेतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाठलागाची शर्यत घेण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. तीत सर्वांत संथ होडी आधी सुटते आणि ठरलेली वेळ संपताना जो सर्वांत पुढे असेल तो जिंकतो.

गावाशी नाते जुळते ते उन्हाळी रेगाटामुळे, म्हणजे होड्यांच्या शर्यतींच्या उत्सवामुळे. एसेक्समधील वेस्ट मर्सी येथे ऑगस्टातल्या रेगाटात शर्यतींबरोबरच पाण्यावर आडव्या बसविलेल्या, ग्रीस फासलेल्या खांबावरून चालण्याची स्पर्धा होते आणि होडीशी काही संबंध नसलेले लोकही ती पाहायला लोटतात. उत्पन्नाची बाजू साधी आहे : वर्गणी, आवारभाडे, बारची विक्री आणि स्वयंपाकघरातील केक. सर्वांना प्रवेश खुला ठेवणाऱ्या हौशी क्रीडामंडळांसाठी २००२ पासून ब्रिटनमध्ये एक करयोजना आहे. तीत नोंदलेल्या क्लबाला व्यवसायाच्या जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते.

मुलांना शिकविण्यासाठी ऑप्टिमिस्ट ही २·३ मीटरची चौकोनी नाळेची होडी सर्वत्र वापरतात. ती १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्सने आखली. शिकविणारे बहुतेक पालकच असतात. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वेतिहास-तपासणी आता अनेक ठिकाणी करावी लागत असल्याने कागदपत्रे सांभाळणारा एक वेगळा स्वयंसेवकच लागतो. सलग पाच ऑलिंपिक स्पर्धांत (१९९६–२०१२) चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळविणारा बेन एन्सली कॉर्नवॉलमधील रेस्ट्राँगेट सेलिंग क्लबात वाढला. अपंगांसाठी आर. वाय. ए.चा सेलॅबिलिटी हा उपक्रम अनेक क्लबांत चालतो. त्यात खुर्चीतून होडीत उतरविणाऱ्या यंत्रापाशी उभे राहणाऱ्या माणसांची संख्या होडीतल्या माणसांपेक्षा जास्त असते.

भारतातील शाखा : हीच संस्था इंग्रजांबरोबर भारतात आली, पण तिचे मोठे, श्रीमंती रूप आले. गेटवे ऑफ इंडियाजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आणि मद्रासचा यॉट क्लब १९११ चा. मुंबईचा क्लब स्वातंत्र्यपूर्व काळात युरोपियनांपुरताच होता. मॉर्गन जाइल्स यांनी १९३४ मध्ये मुंबई बंदरासाठी आखलेल्या सीबर्ड या लाकडी नौका आजही तेथे शर्यतीत उतरतात. होडी सज्ज करण्याचे आणि धुण्याचे काम पगारी बोटमनवर सोपविण्याची पद्धत येथे रुळल्यामुळे ब्रिटिश गावच्या क्लबातील पाळीपत्रकाला मुंबईत तितके महत्त्व आले नाही. खेळाचा दर्जा त्याने अडला नाही : १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील शिडांच्या शर्यती मुंबईतच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या होडीच्या प्रकारात सुवर्ण मिळविले. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा चालतो. मोसमी पावसाच्या काळात नौका बाहेर काढून झाकून ठेवतात, त्यामुळे ब्रिटिश क्लबांत हिवाळ्यात होणारी डागडुजी येथे पावसाळ्यात होते.