झोप आणि आतडं: शोध सुरू झाला मेंदूत, पोचला जंतूंपाशी

पोट चांगलं तर झोप चांगली, हे हल्ली रील्सवर रोज ऐकायला मिळतं आणि पुरावा म्हणून एकच गोष्ट सांगतात की शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थिती आणि झोपेशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात असतं. ते खरंय, १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ते आतड्यातच सापडलं होतं, पण तिथलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मग नुसत्या त्या आकड्यावर झोपेचं काय ठरवणार? खरा धागा भलत्याच ठिकाणी आहे.

१९०९ च्या सुमारास जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी आणि थोड्याच काळात फ्रान्समध्ये आंरी पिएराँ, दोघांनीही स्वतंत्रपणे कुत्र्यांना दिवसचे दिवस जागं ठेवलं, त्यांच्या मेंदूतला अर्क किंवा द्रव दुसऱ्या ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला आणि ती कुत्री पेंगायला लागली. प्रयोग क्रूरच होते. पण जागरणात मेंदूत झोप आणणारं काहीतरी साठतं, हे त्यातून पुढे आलं.

ते 'काहीतरी' शोधायला बरीच वर्षं गेली. १९६७ मध्ये हार्वर्डच्या जॉन पापेनहायमर यांनी जागवलेल्या बकऱ्यांवर तोच प्रयोग केला, पदार्थाला नाव दिलं फॅक्टर एस, पण तो इतका कमी मिळायचा की शेवटी हजारो लिटर मानवी लघवीतून तो गाळून काढावा लागला (ही चिकाटी मला फार भारी वाटते), आणि १९८२ मध्ये जेम्स क्रूगर आणि मंडळींनी सांगितलं की हा म्युरामिल पेप्टाइड आहे, म्हणजे जिवाणूंच्या पेशीभिंतीचा तुकडा! आपल्या पेशी हा बनवतच नाहीत. मग तो येतो कुठून, तर बहुधा आतड्यातल्या जंतूंकडून. सशांना दिला तर त्यांची गाढ झोप वाढली आणि अंगात तापही चढला, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीही यात आलीच, तापात आपल्याला झोप का येते तेही यातून थोडं कळतं.

उलट्या बाजूचा, म्हणजे झोप गेली तर आतड्याचं काय होतं याचा, पुरावा बराच उशिरा आला. २०२० मध्ये हार्वर्डच्याच द्रगाना रोगुल्या यांच्या गटाने फळमाश्यांना झोपू दिलं नाही, तेव्हा घातक ऑक्सिजन-रेणू मेंदूत नाही तर आतड्यात साठले आणि माश्या लवकर मेल्या, पण अँटिऑक्सिडंट (हे रेणू निकामी करणारे पदार्थ) दिल्यावर न झोपताही जवळपास पूर्ण आयुष्य जगल्या. उंदरांच्या आतड्यातही तेच रेणू साठलेले दिसले. माणसांवर असा प्रयोग करताच येणार नाही, म्हणून याच्या जोरावर झोपेच्या पावडरी विकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.