आधी पाणी, मग तेल

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक थोडे दिवस वापरून तशीच ठेवून दिली, की पुढच्या वर्षी तिचा घोडा जाम झालेला सापडतो. जपानमधल्या मॉडेल गन शौकिनांच्या डोकेदुखीचं कारणही हेच. बिघाड चालवण्यात नसतो, चालवून झाल्यावर आत जे उरतं त्यात असतो.

मॉडेल गन म्हणजे खऱ्या शस्त्राची हुबेहूब यंत्ररचना असलेली, पण काहीच न फेकणारी प्रतिकृती. जपानमध्ये 1971 आणि 1977 साली कायदा कडक झाल्यावर धातूच्या पिस्तुलांची नळी बंद असणं आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग असणं सक्तीचं झालं. म्हणून धातूची पिस्तुलं सोनेरी दिसतात आणि काळी बहुतेक एबीएस प्लास्टिकची असतात. धातू म्हणजे इथे जस्ताचा मिश्रधातू. पोलाद असतं ते स्प्रिंगा, पिना, स्क्रू अशा लहान भागांत. काडतुसाच्या पोटात 5 किंवा 7 मिलिमीटरची प्लास्टिकची कॅप बसते. ती पेटली की दाबामुळे काडतूस नळीतल्या खुंटावरून मागे ढकललं जातं आणि त्याच्याबरोबर स्लाइडही, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भागही, मागे येते.

अशा कॅपमधल्या मसाल्याचा पाया जुना आहे, तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. तो पूर्ण जळला तर हिशोबाने दोनच पदार्थ उरतात आणि थंड झाल्यावर दोन्ही घनरूप असतात. वजनाने साधारण निम्मं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक मीठच, आणि बाकीचं फॉस्फरस पेंटॉक्साइड. थोडा भाग धुरात जातो, उरलेला आतल्या थंड धातूवर बसतो. पेंटॉक्साइड पाण्याचं इतकं हावरं की प्रयोगशाळेत हवा कोरडी करायला ते वापरतात. हवेतला दमटपणा ओढून त्याचं फॉस्फोरिक आम्ल होतं. त्या ओलाव्यात मीठ विरघळतं आणि गंजाला लागणारं सगळं साहित्य जागेवर तयार होतं. सोनेरी मुलाम्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी क्लोराइड तिथून आत शिरतं. खालचं जस्त फुगून पांढरी पूड होते आणि वरचा मुलामा फोडासारखा उचलला जातो. स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये तांबूस रेषा दिसते. काडतुसाचं पितळ कळकतं.

इथे बहुतेक जण तेलाची बाटली उचलतात आणि चूक तिथेच होते. मीठ तेलात विरघळत नाही. तेल त्याच्यावर पांघरुणासारखं बसतं, खाली गंज चालूच राहतो, आणि काजळी मिसळून चिकट लगदा होतो तो वेगळाच. मीठ जातं ते पाण्याने. जुन्या .303 रायफलींच्या काडतुसांतही क्लोरेट असायचं, म्हणून गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायची शिस्त होती.

मॉडेल गनला मात्र उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. 40 ते 50 अंशांचं पाणी पुरे, लिटरला भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे चार-पाच थेंब. धुण्याचा सोडा वापरू नये. जस्ताला आम्ल जसं खातं तसा तीव्र क्षारही खातो. काम त्याच दिवशी उरकावं. आधी जुळणीच्या पत्रकाप्रमाणे काडतुसं उघडावीत आणि जळक्या कॅप लाकडी काडीने काढाव्यात. न उडालेली कॅप टोकरायची नाही, आधी पाण्यात भिजू द्यायची. सुटे भाग दहा मिनिटं बुडवून मऊ टूथब्रशने घासावेत. नळीतला खुंट आणि स्लाइडचं पुढचं तोंड यांवर सर्वांत जास्त थर असतो. मग साध्या पाण्याने दोनदा धुवावं. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचं पाणी शुद्ध केलेलं घ्यावं. पुसून, ड्रायरच्या थंड झोतात पूर्ण वाळवावं. स्प्रिंगेच्या आत थेंब राहिला तर एका रात्रीत लाल होतो.

तेलाची पाळी आता. पोलादी भागांना पातळ हात, घासणाऱ्या भागांना सिलिकॉन तेल, काडतुसातल्या ओ-रिंगला, म्हणजे दाब अडवणाऱ्या काळ्या नायट्राइल रबराच्या कडीला, सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चमकेल इतकाच लेप. ओ-रिंग चिरली की दाब निसटतो आणि स्लाइड अर्ध्यावर थांबते. तेव्हा कॅप वाढवू नका, रिंग बदला. कॅपच्या खोबणीत तेल उतरलं तर कॅप फुसकी निघते.

पितळी काडतुसं चमकवण्याचा मोह आवरत नाही, पण अमोनिया असलेलं पॉलिश टाळा. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमटपणा आणि थंड अवस्थेत घडवताना पितळात राहिलेला ताण यांची ती करणी होती, हे 1921 साली उलगडलं. चिंच-मीठही नको. घरच्या तांब्याला ते चालतं. इथे मात्र आट्यांतून धुऊन काढलेलं क्लोराइड तुम्ही पुन्हा आत भरता.