सरासरी शालेय वर्षं आणि अपेक्षित शालेय वर्षं: वजाबाकी करू नका

शिक्षण आणि मानव विकास यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत एक वजाबाकी अधूनमधून भेटते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अहवालातलं कोष्टक उघडायचं, अपेक्षित शालेय वर्षांतून सरासरी शालेय वर्षं वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला 'गळती' म्हणायचं. 2025 च्या अहवालात भारतापुढे 13 आणि 6.9 असे आकडे आहेत. म्हणजे मुलं सहा वर्षं आधीच शाळा सोडतात? नाही. मुळात हे दोन आकडे वेगवेगळ्या माणसांचे आहेत.

सरासरी शालेय वर्षं मोजतात ती प्रौढांची, वय 25 आणि त्यापुढच्या सगळ्यांची. त्यात नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली तरुणी आहे आणि ऐंशी वर्षांचे गृहस्थही आहेत. त्या गृहस्थांच्या लहानपणी शाळा किती लांब होती, त्यांच्या बहिणीला तिथे पाठवलं की नाही, हे सगळं आजच्या सरासरीत उतरलेलं असतं. जनगणना आणि घरोघरच्या पाहण्यांमधून प्रत्येकाने शिक्षणाचा कोणता टप्पा गाठला ते कळतं आणि त्या टप्प्याला नियमाने किती वर्षं लागतात त्यावरून हिशेब होतो. एकाच इयत्तेत दोनदा बसलेल्याचं जादा वर्ष इथे धरत नाहीत.

अपेक्षित शालेय वर्षं ही शाळेत जायच्या वयाला आलेल्या मुलाची. आज प्रत्येक वयाची जेवढी मुलं पटावर आहेत, तेवढंच प्रमाण पुढेही टिकलं तर हे मूल एकूण किती वर्षं शिक्षणात असेल? सहा वर्षांची 95 टक्के मुलं शाळेत असतील तर 0.95 वर्ष, पंधरा वर्षांची 70 टक्के असतील तर 0.70 वर्ष, अशी पदवीच्या वयापर्यंत बेरीज करत जायचं. सरासरी आयुर्मान काढतात तसाच हा प्रकार. म्हणून याला भाकीत समजू नये. आजची पटनोंदणी एका काल्पनिक मुलाच्या आयुष्यावर पसरून दाखवली आहे, एवढंच. आणि गंमत अशी की नापास होऊन त्याच वर्गात बसलेलं मूलही पटावर असतंच, त्यामुळे त्याचं ते वर्ष इथे मोजलं जातं. मुलं जास्त नापास झाली तर अपेक्षित वर्षं वाढू शकतात! हे लक्षात न घेता दोन देशांची तुलना करणारे लेख मला तरी फारसे विश्वासार्ह वाटत नाहीत.

ही जोडी विकास कार्यक्रमाच्या मानव विकास निर्देशांकात (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून देशाला दिलेला एक आकडा) पहिल्यापासून नव्हती. 1990 च्या पहिल्या अहवालात शिक्षणासाठी प्रौढ साक्षरता घेतली होती. मधल्या काळात बदल होत गेले आणि 2010 पासून हे दोन आकडे एकत्र आले. आता सरासरी वर्षांना 15 ने आणि अपेक्षित वर्षांना 18 ने भागतात आणि दोन्हींची साधी सरासरी काढतात. भारताचे 6.9 भागिले 15 म्हणजे 0.46, 13 भागिले 18 म्हणजे 0.72, शिक्षण निर्देशांक साधारण 0.59. अठराच्या वरचं काहीही धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाची अपेक्षित वर्षं वीसच्या पुढे जातात, पण निर्देशांकात त्यांचे अठराच होतात.

धोरणाचा परिणाम तपासायचा असेल तर खरा फरक दिसतो तो वेगात. शाळा उघडल्या किंवा बंद झाल्या की पटनोंदणी लगेच हलते आणि आकडेवारी ताजी असेल तर अपेक्षित वर्षंही हलतात. सरासरी वर्षांना मात्र वाट पाहावी लागते. अफगाणिस्तानात 2021 पासून सहावीनंतर मुलींना शाळा बंद झाल्या. त्या वेळी बारा वर्षांची असलेली मुलगी 2034 मध्ये पंचवीसची होईल आणि तेव्हाच प्रौढांच्या हिशेबात येईल. दरम्यान तिथल्या स्त्रियांची सरासरी वाढलेली दिसणंही शक्य आहे, कारण बंदीच्या आधी शिकलेल्या तरुणी त्या गटात येत राहतील आणि शाळा न पाहिलेल्या वृद्धा कमी होत जातील. पाच वर्षांपूर्वीच्या योजनेचं यश सरासरी शालेय वर्षांत शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आधी वयाचं हे गणित करून पाहावं.

स्थलांतराने आणखी गुंता होतो. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बाहेरून आलेले. तिथल्या प्रौढांची सरासरी वर्षं मोठ्या प्रमाणात दुसऱ्याच देशांतल्या शाळांमध्ये घडलेली आहेत. ती पाहून अमिरातीच्या शाळांबद्दल बोलणं चूक.

मग उतारवयातल्या मतदारांचं, आईच्या शिक्षणाचं किंवा आजच्या कामगारांच्या कौशल्याचं काम असेल तर सरासरी वर्षं घ्यावीत (आईसाठी तर त्या वयोगटातल्या स्त्रियांचे वेगळे आकडे मिळाले तर जास्तच बरं). शाळाव्यवस्था आज मुलांना किती काळ धरून ठेवते हे पाहायचं असेल तर अपेक्षित वर्षं. आणि गळतीवर लिहायचं असेल तर दोन्ही बाजूला ठेवून इयत्तावार टिकून राहण्याचे दर शोधावेत. ते युनेस्कोच्या संख्याशास्त्र संस्थेकडे वेगळे मिळतात.

एक सापळा उरतोच. जागतिक बँकेच्या 2018 पासूनच्या मानवी भांडवल निर्देशांकातही (आज जन्मलेलं मूल मोठं होऊन किती उत्पादक होईल याचा अंदाज) 'अपेक्षित शालेय वर्षं' आहेत, पण तिथे पूर्वप्राथमिक धरून अठराव्या वाढदिवसापर्यंतची, जास्तीत जास्त 14. महाविद्यालयाची वर्षं त्यात नाहीत. शिवाय बँक त्या वर्षांना चाचणीतल्या गुणांनी गुणते आणि 625 ने (चाचणीतल्या प्रगत पातळीच्या गुणांनी) भागते, म्हणजे वर्गात बसून मूल कितपत शिकलं याचाही अंदाज येतो. विकास कार्यक्रमाच्या दोन्ही आकड्यांत शिकण्याचा हा भाग मुळीच नाही. एका तक्त्यात एका देशाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेतला, तर परीक्षकाने तो तक्ता परत पाठवावा.